कोट कोणाचा, लुगडे कोणाचे : एका स्टुडिओ-छायाचित्राचे वाचन

१

वेषभूषेविषयी मराठीत जो समीक्षात्मक विचार झाला तो प्रामुख्याने रंगभूमीच्या अनुषंगाने झाला. बालगंधर्वांनी रंगमंचावर नेसलेल्या शालूंचा, त्यांच्या नथीचा आणि गजऱ्यांचा मध्यमवर्गीय स्त्रियांच्या रुचीवर कसा परिणाम झाला याची चर्चा आपल्या परिचयाची आहे. रोजच्या जगण्यातला पेहराव मात्र कथा-कादंबरीतील पात्रवर्णनापुरताच आपण पाहिला. छायाचित्राकडेही आपण चरित्रग्रंथाच्या पुरवणीतील पान म्हणूनच बघत आलो. या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे तालुक्याच्या गावातील फोटो-स्टुडिओ. तिथे काढलेल्या एका छायाचित्राचे वाचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. हे वाचन तटस्थ असणार नाही. छायाचित्र माझ्या आईवडिलांचे आहे, आणि त्याचे एक चुकीचे वाचन मी स्वतः पूर्वी केलेले आहे.

छायाचित्र १९६८ सालचे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, येलदरी येथे, गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णा नदीवर १९५८ पासून धरणाचे काम चालले होते. ते १९६८ मध्ये पुरे झाले. सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी साठवणारा जलाशय आणि पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजगृह, असा हा प्रकल्प. वडील या धरणावर मजुरी करीत. आईही काही वर्षे त्याच कामावर होती. काम संपत आल्यावर ती दोघे जिंतूरला गेली आणि त्यांनी फोटो काढून घेतला. वडील खुर्चीत बसलेले, अंगात काळा कोट, डोक्याला फेटा, पायांत काही नाही. कोटाच्या बाह्या लांब आहेत. डाव्या हाताची फक्त बोटांची पेरे दिसतात. आई शेजारी उभी, डोक्यावरून पदर, लुगडे नऊवारी. मागच्या पडद्यावर संगमरवरी वाटावा असा जिना, दगडी कठडा, आणि कठड्यापलीकडे एक तळे रंगवलेले आहे. तळ्यात एक होडीही आहे.

पदव्युत्तर वर्गात असताना एका चर्चासत्रासाठी मी या छायाचित्रावर निबंध वाचला होता. त्यात मी असे प्रतिपादन केले होते, की हा कोट म्हणजे प्रभुत्वशाली वर्गाच्या वेषाचे अनुकरण असून, ज्याने आपल्या हातांनी खरा जलाशय बांधला तो माणूस रंगवलेल्या तळ्यासमोर बसतो, हे मिथ्या जाणिवेचे उत्तम उदाहरण होय. बाह्यांत लपलेले हात ही श्रम झाकण्याची खूण, असेही मी म्हटले होते. निबंधाचे कौतुक झाले. वडील तेव्हा हयात नव्हते. सुट्टीत घरी गेल्यावर मी आईला फोटोविषयी विचारले. आई एवढेच म्हणाली, "कोट फोटोवाल्याचा व्हता. लुगडं माझं व्हतं." जरा थांबून म्हणाली, "त्या दिशी घोट्यापर्यंत सोडून नेसले व्हते."

माझ्या निबंधात लुगड्याचा उल्लेखच नव्हता.

२

तो उल्लेख का राहिला याचा शोध घेताना माझी व्यक्तिगत चूक आणि सिद्धान्तांची दृष्टी यांचा संबंध लक्षात येऊ लागला. फॅशनविषयीच्या आधुनिक विचाराची एक मुख्य धारा अनुकरणाच्या कल्पनेभोवती फिरते. गेऑर्ग झिमेलने विसाव्या शतकाच्या प्रारंभी अशी मांडणी केली, की फॅशनमध्ये इतरांसारखे होण्याची आणि इतरांहून वेगळे दिसण्याची अशा दोन प्रेरणा एकाच वेळी काम करतात. खालचा वर्ग वरच्या वर्गाचा वेष उचलतो, आणि तो उचलला गेला की वरचा वर्ग आपला वेष बदलतो. आपल्याकडे एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ साली मांडलेली संस्कृतीकरणाची संकल्पनाही, तिचा विषय वेगळा असला तरी, याच उभ्या शिडीवर उभी आहे. या दोन्ही मांडण्यांचे मोल मी नाकारीत नाही. परंतु शिडीचे चित्र एकदा मनात बसले, की वेष करणाऱ्या माणसाच्या बाबतीत एकच प्रश्न उरतो : हा कोणासारखा दिसू पाहतो? तो काय म्हणू पाहतो, हा प्रश्न मागे पडतो.

रोलाँ बार्थने १९६७ च्या आपल्या फॅशनविषयक ग्रंथात वस्त्राचे तीन प्रकार मानले. प्रत्यक्ष वस्त्र, चित्रातले वस्त्र आणि शब्दांत वर्णिलेले वस्त्र. त्यांपैकी तिसरे त्याने अभ्यासाला घेतले. फॅशन-नियतकालिकांतील मजकूर हीच त्याची संहिता होती. पद्धती म्हणून हा निर्णय नेटका होता. पण वस्त्र ज्याच्या अंगावर आहे तो माणूस त्यामुळे विवेचनाबाहेर राहिला. तो माणूस बार्थला पुढे छायाचित्रांत भेटला. १९८० साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रणावरील पुस्तकात त्याने स्टुडियम आणि पंक्टम हा प्रसिद्ध भेद केला. छायाचित्रातले जे सर्वांना सांस्कृतिक ज्ञानाच्या आधारे कळते ते स्टुडियम. जे एखाद्यालाच टोचते, आणि का टोचले हे चटकन सांगता येत नाही, ते पंक्टम.

या पुस्तकातील एक उदाहरण आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जेम्स व्हॅन डर झी या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराचा स्टुडिओ होता. त्याने १९२६ साली काढलेल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या छायाचित्राविषयी बार्थ लिहितो. ठेवणीतले कपडे घालून बसलेल्या त्या माणसांत त्याला गोऱ्यांची लक्षणे अंगीकारून वर चढण्याची धडपड दिसते, आणि त्या धडपडीतला भाबडेपणा त्याला हृद्य वाटतो. हे झाले स्टुडियम. त्याला टोचतात ते एका स्त्रीचे पट्ट्याचे बूट. पुढे काही प्रकरणांनंतर तो म्हणतो, की खरे टोचले ते तिच्या गळ्यातले. तसेच त्याच्या एका अविवाहित आत्याच्या गळ्यात असे. बार्थने वर्णिलेली सोन्याची बारीक साखळी त्या छायाचित्रात नाही, तिथे मोत्यांची माळ आहे, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच्या सहानुभूतीची विभागणी. आत्याचा दागिना एका विशिष्ट स्त्रीच्या आयुष्याविषयी बोलतो. त्या कुटुंबाचे कपडे मात्र एका वंशाविषयी आणि वर्गाविषयी बोलतात. आपल्या माणसाचा वेष म्हणजे स्मृती आणि परक्याचा वेष म्हणजे लक्षण, अशी ही वाटणी आहे.

मी त्याच्याही पुढे गेले. स्वतःच्या वडिलांचा वेष मी लक्षण म्हणून वाचला.

३

आईच्या दोन वाक्यांत 'नेसणे' हे क्रियापद आले आहे. त्याच्याकडे वळणे आवश्यक आहे, कारण मराठीत वस्त्राचा विचार नामांपेक्षा क्रियापदांत अधिक साठलेला आहे. सदरा आपण घालतो, पण धोतर आणि लुगडे नेसतो. फेटा बांधतो, शाल पांघरतो, फुले माळतो, दागिने लेतो, कुंकू लावतो. बांगड्या भरतो, आणि बहुधा त्या कासाराकडून भरून घेतो. शिवलेल्या वस्त्राला आकार आधीच असतो. त्यात अंग घालावयाचे असते. न शिवलेल्या वस्त्राला आकार देण्याचे काम नेसणारीच्या हातांचे असते. नेसण संपली, की त्या लुगड्याचे पुन्हा एक लांब कापड होते. कोट खुंटीवर टांगला तरी कोटच राहतो, आणि म्हणूनच तो स्टुडिओच्या खुंटीवरून कोणाच्याही अंगात जाऊ शकतो. लुगडे उसने आणता येते. नेसण उसनी आणता येत नाही, फार तर दुसरीकडून नेसवून घेता येते.

'घालणे' या क्रियापदात आणखी एक शक्यता आहे. मी कोट घातला असे म्हणता येते, आणि त्याला कोट घातला असेही म्हणता येते. फोटोसाठी बसलेल्या माझ्या वडिलांना तो कोट बहुधा फोटोवाल्यानेच चढवला असेल, गळ्याशी नीट केला असेल. म्हणजे त्यांचे त्या क्षणी कर्तेपण किती आणि कर्मपण किती, हे क्रियापद सांगत नाही. ते त्यांच्या बसण्यावरून ठरवावे लागते.

लुगडे आपले, म्हणून नेसण सर्वस्वी आपली, असे मात्र समजता येत नाही. नेसण्याची तऱ्हा ही महाराष्ट्रात जात ओळखण्याची एक खूण होती. किती उंच नेसावे, ओचा कसा असावा, कोणता दागिना कोणत्या धातूचा, हे बाईच्या इच्छेवर नव्हते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांशी बोलताना डॉ. आंबेडकरांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा विषय काढला. तुमची नेसण आणि तुमचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख झाली आहे, ती पुसून टाका, हा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ज्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले त्याच परिषदेच्या दिवसांत निऱ्यांच्या उंचीविषयी बोलले गेले, आणि यात कोणाला विसंगती वाटली नाही. ग्रंथातली आज्ञा आणि अंगावरची आज्ञा या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत्या.

या पार्श्वभूमीवर 'घोट्यापर्यंत सोडून नेसले व्हते' या वाक्याचे वजन कळते. धरणावर माती वाहणाऱ्या बाईला लुगडे वर खोचूनच काम करावे लागते. ते घोट्यापर्यंत सोडणे म्हणजे आज आपण कामावर नाही, हे जाहीर करणे. तिने काहीही उसने घेतले नव्हते. तेच लुगडे, तेच हात. फक्त नेसण वीतभर खाली आली. कोट शोधणाऱ्या माझ्या नजरेला ती वीत दिसली नाही. कोट हे नाम होते आणि नाम वाचायला मी शिकले होते. तिची कृती क्रियापदात होती.

उसना आणि आपला हा भेदही आता पहिल्यासारखा सोपा राहत नाही. कोट तासाभरासाठी उसना होता आणि तो वडिलांनी पैसे मोजून अंगावर घेतला. नेसणीची उंची मात्र पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी ठरवून दिलेली होती. या दोहोंत अधिक परके कोणते?

४

इथे मराठीतील दुसरा एक शब्द उपयोगी पडतो : सोंग. 'नक्कल' या शब्दात मूळ आणि प्रत यांचे नाते आहे, आणि प्रत नेहमीच कमी प्रतीची असते. सोंगात तसे नाही. सोंग आणणारा आणि पाहणारा या दोघांनाही हे सोंग आहे हे ठाऊक असते. तरीही ते 'वठले' की 'वठले नाही' याचा निवाडा होतो. बहुरूपी पोलीस होऊन दारात येतो तेव्हा कोणी फसत नाही, पण धान्य घालते. नटणे हे क्रियापदही नट या शब्दाचेच भावंड आहे. आरशासमोर उभी राहणारी बाई आणि रंगमंचावर उभा राहणारा पुरुष यांना भाषेने एकाच धातूत बांधले आहे.

मराठवाड्याच्या सांस्कृतिक स्मृतीत सोंगाला मोठी प्रतिष्ठा आहे. पैठणच्या एकनाथांनी आपल्या भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी अशी अनेक रूपे घेतली. महाराचा जोहारही आपल्या वाणीत घेतला. ब्राह्मण संतकवीने खालच्या मानल्या गेलेल्या माणसाचे रूप घेतले, हे त्यांच्या करुणेचे आणि समत्वाचे गमक म्हणून आपण शिकवतो, आणि ते योग्यच आहे. महात्मा फुले १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसमोर शेतकऱ्याच्या वेषात उभे राहिले. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराई येथे आपला वेष पंचावर आणला. या दोन्ही घटना आपण राजकीय विधाने म्हणून वाचतो. एकनाथांचे रूप वाणीतले आणि फुले-गांधींचे अंगावरचे, हा फरक आहेच. पण दिशा तिन्ही ठिकाणी एकच आहे : वरून खाली.

दिशा उलटी झाली, की आपली परिभाषाही उलटते. खालच्या स्थानावरचा माणूस वरचा वेष घेतो तेव्हा त्याला अनुकरण, देखावा, भाबडेपणा असे शब्द वापरले जातात. बार्थने तेच केले आणि मीही. वस्तुतः आंबेडकरांच्या सूटने हा प्रश्न कधीच निकाली काढला आहे. त्या सुटाला आज कोणी इंग्रजांची नक्कल म्हणत नाही. ज्या समाजाला स्वच्छ आणि चांगले वस्त्र नाकारले गेले होते त्याच्या वतीने केलेले ते उत्तर आहे, हे सर्वांना समजते. घरोघरीच्या तसबिरींत आणि गावोगावच्या पुतळ्यांत तो सूट आला तो त्याच अर्थाने. पण जे नेत्याच्या बाबतीत आपण मान्य केले ते मजुराच्या बाबतीत करायला आपण तयार नसतो. त्याच्याकडे लिहिलेले भाषण नसते, म्हणून त्याच्या वेषाला विधान म्हणायला आपण कचरतो.

देशीवादी भूमिकेवरून कोट परका आणि फेटा आपला, असा निवाडा करता येईल. परंतु माझ्या वडिलांनी दोन्ही एकाच वेळी धारण केले होते, आणि ती जोडणी करण्याची रीत अस्सल देशी होती. अंगात साहेबाचा कोट, डोक्याला घरचा फेटा, पाय मोकळे : भारुडातले एखादे पात्र असेच दिसेल. परक्या वस्तूला सोंगात घेऊन आपलेसे करणे हीदेखील परंपराच आहे.

५

लोकप्रिय संस्कृतीने या माणसाला कोणते कपडे दिले हेही पाहिले पाहिजे. या छायाचित्रानंतर तीनच वर्षांनी, १९७१ साली, दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' आला. सैल चड्डी आणि तिची लोंबणारी नाडी हा त्यांचा वेष पुढे इतका रूढ झाला, की मराठी चित्रपटातील खेडुताचे ते जवळजवळ व्यंगचित्रच बनले. कोंडके यांची विनोदबुद्धी तमाशाच्या सोंगाड्याकडून आली होती आणि गिरणगावातल्या ज्या प्रेक्षकाने त्यांना उचलून धरले तो स्वतः खेड्यातून आलेला होता. तेव्हा शहराने खेड्याची टवाळी केली, एवढ्यावर हा विषय मिटत नाही. तो प्रेक्षक आपण मागे टाकलेल्या, किंवा टाकू पाहत असलेल्या, वेषाला हसत होता असे मला वाटते. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. पडद्यावर त्याला नाडी लोंबणारी चड्डी मिळाली. स्वतःच्या पैशाने फोटो काढताना त्याने कोट निवडला. दोन्ही सोंगेच. पण दुसऱ्या सोंगाचा निर्माता तो स्वतः होता.

हिंदी चित्रपटाच्या वेषभूषेत याच काळात आणखी एक उलथापालथ होत होती, आणि तिच्या केंद्रस्थानी कोल्हापूरची एक मराठी स्त्री होती. चित्रकार म्हणून आरंभ केलेल्या भानू अथैया (१९२९–२०२०) यांनी १९६८ च्या 'ब्रह्मचारी'मध्ये मुमताजसाठी केलेली नारिंगी साडी गाजली. नृत्याच्या हालचालींत ती जागची हलू नये म्हणून ती अंगाबरोबर घट्ट बसवून, शिवून तयार केलेली होती. म्हणजे जिंतूरच्या स्टुडिओत माझी आई लुगडे घोट्यापर्यंत सोडून नेसत होती त्याच साली पडद्यावर साडी 'नेसण्या'कडून 'घालण्या'कडे निघाली होती. आज तरुण मुली सर्रास 'साडी घातली' म्हणतात. भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते त्यावर रागावतात. पण अनेकदा ती साडी खरोखरच घातलेली असते. क्रियापद वस्तुस्थितीच्या मागोमाग गेले आहे.

याच भानू अथैया यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. चित्रपटाच्या वेषभूषाकाराला नवे कापड जुने करावे लागते. ते या माणसाच्या अंगावर वर्षानुवर्षे आहे, असे दिसावे लागते. जिंतूरच्या फोटोवाल्याची कला याच्या उलट आहे. त्याच्याकडे कोट एक आणि अंगे शंभर. तो कोणाच्याच मापाचा नाही. सर्वांना चालावा म्हणून तो बहुधा मोठ्यात मोठ्या मापाचा शिवलेला. बाह्यांत हात लपले त्याचे कारण एवढेच होते. मी तिथे श्रमाची लाज वाचली होती.

उसन्या वेषाचा इतिहास आपल्या प्रांतात वरच्या थरातही आहे. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टिपलेले सरदार आणि अधिकारी दरबारी पोशाखात ऐटीने उभे आहेत. तो पोशाखही त्यांनी एकेकट्याने निवडलेला नव्हता. दरबाराच्या शिष्टाचाराने तो ठरत असे. तरी त्यांची छायाचित्रे पाहताना हा वेष यांचा की उसना, असे आपण विचारीत नाही. संस्थान गेले आणि शेरवानी कचेऱ्यांतून दिसेनाशी झाली. आज ती मराठवाड्यातल्या लग्नांत परत आली आहे, हिंदी चित्रपटाच्या वाटेने आणि पुष्कळदा भाड्याने. सुशिक्षित नवरदेव एका संध्याकाळीपुरती शेरवानी भाड्याने आणतो, जलाशयाच्या काठी विवाहपूर्व छायाचित्रे काढून घेतो, आणि त्याला कोणी मिथ्या जाणिवेचे उदाहरण म्हणत नाही. ती त्याची हौस ठरते. हौस हा शब्द आपण माझ्या वडिलांसाठी का वापरला नाही?

६

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो, आणि तो मराठीतल्या एका म्हणीनेच घेता येईल : सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. कोट घातला म्हणून मजुरी वाढली नाही. धरण झाले, काम संपले, आणि पुढच्या वर्षी ती दोघे दुसऱ्या कामाच्या शोधात निघाली. धरणाच्या पाण्याखाली ज्यांची जमीन गेली त्यांना कोणत्याही स्टुडिओने ती परत दिली नाही. तेव्हा छायाचित्रातली प्रतिष्ठा ही प्रत्यक्षातल्या प्रतिष्ठेऐवजी दिलेली स्वस्त भरपाई नव्हे काय? हा आक्षेप मी खोटा मानीत नाही. बाहीची लांबी आणि अनवाणी पाय म्हणीच्या बाजूने साक्ष देतात. पैशाचे सोंग या छायाचित्रात वठलेले नाही.

पण ती दोघे पैशाचे सोंग आणू पाहत होती, हे मी कशावरून धरून चालले? श्रीमंत दिसणे हा हेतू असता तर चपला उसन्या घेता आल्या असत्या आणि फेट्याऐवजी टोपी चालली असती. त्यांना काय हवे होते याचा अंदाज बांधण्यासाठी दुसऱ्या एका प्रकारची छायाचित्रे शेजारी ठेवावी लागतात. मोठ्या धरणांच्या बांधकामाची जी सरकारी छायाचित्रे आपण पाहत आलो आहोत त्यांत मजूर असतात, परंतु ते रांगेत असतात, लहान असतात. भिंत किती उंच आहे हे कळावे म्हणून जणू त्यांना तिथे ठेवलेले असते. डोक्यावरच्या पाटीखाली चेहरा दिसत नाही. येलदरीच्या भिंतीजवळ असा एखादा फोटो कोणी काढला असेल, तर माझे आईवडील त्यात मोजपट्टीचे काम करीत असतील. जिंतूरच्या फोटोत मोजपट्टी नाही. खुर्ची, जिना, तळे, होडी यांतले काहीही त्या दोघांपेक्षा मोठे नाही. रंगवलेल्या तळ्याचा मी उपहास केला होता. खऱ्या जलाशयासमोर उभे राहिल्यावर मात्र माणूस ठिपक्याएवढा होतो, हे मला सुचले नव्हते.

म्हणून वेषाच्या अभ्यासकाने कोणासारखा दिसतो, या प्रश्नाआधी आणखी तीन प्रश्न विचारावेत असे मी सुचवीन. वस्त्राशी कोणते क्रियापद जोडलेले आहे? त्या क्रियापदाचा कर्ता कोण? आणि रोजच्या वेषापासून हा वेष किती अंतरावर आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर छायाचित्र एकटे देऊ शकत नाही. त्यासाठी त्यातल्या माणसांना विचारावे लागते. बार्थच्या परिभाषेत सांगायचे तर मला टोचायला हवी होती ती नेसणीची उंची. परंतु ती मला सांगितल्यावर दिसली. जे टोचते ते एकट्या पाहणाऱ्याच्या संवेदनेतून येते, ही बार्थची धारणा इथे पुरी पडत नाही. टोचणीलाही कधी कधी दुसऱ्याच्या साक्षीची गरज असते.

हे काम आता घाईचे झाले आहे. जो तो खिशात कॅमेरा घेऊन फिरू लागल्यावर तालुक्याच्या गावातले जुने स्टुडिओ एकेक करून बंद पडले किंवा झेरॉक्सची दुकाने झाले. पडदे फाटले, काचेच्या आणि फिल्मच्या प्रती अडगळीत गेल्या. फोटोत बसलेली माणसेही थकली आहेत. आपले विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधतात तेव्हा आपापल्या घरातल्या भिंतीवरची एक तसबीर त्यांनी उतरवून आणावी आणि घरातल्या जाणत्या माणसासमोर ठेवून त्या दिवसाविषयी विचारावे. काय घातले होते एवढ्यावर न थांबता कसे, कोणाचे आणि कोणी, हेही लिहून घ्यावे.

चर्चासत्रातल्या त्या निबंधाची टंकलिखित प्रत माझ्याकडे अजून आहे. छायाचित्राखाली मी तेव्हा 'अनुकरण' एवढा एकच शब्द लिहिला होता. तो खोडून आता तिथे अशी नोंद केली आहे : जिंतूर, १९६८. फेटा घरचा. कोट स्टुडिओचा. लुगडे तिचे, घोट्यापर्यंत सोडून नेसलेले.